दप्तराबाहेर : शांत झालेले इंजिन

आमचे टिळकवाडीतील एक स्नेही आहेत. वयाने आमच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी वडील. सारी आळी त्यांना आबा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. मागे एका रविवारी सकाळी ते मोठ्या आनंदात आमच्या दारी आले आणि म्हणाले, "गुरुजी, चला, गाडी ऐकायला चला." गाडी पाहावयास बोलावणारे पुष्कळ भेटतात, ऐकावयास बोलावणारा गृहस्थ आम्हांस तरी प्रथमच भेटला.

गाडी आमच्या परिचयाची होती. एम. जी. बी. नावाची ही दोन आसनांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. इंग्लंडात ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आबांचे थोरले बंधू १९७६ साली विलायतेतील नोकरी सोडून सहकुटुंब परतले, तेव्हा त्यांनी ती बोटीतून बरोबर आणली. १९९८ साली ती शेडमध्ये गेली ती तेथेच राहिली. बंधू वारल्यावर आबांनी तिच्यावरची ताडपत्री काढली आणि २०२१ साली तिला पुन्हा रस्त्यावर आणले. तेव्हापासून तिच्या इंजिनातून शिवणयंत्रासारखी बारीक टकटक येत असे. त्या रविवारी ती टकटक जवळजवळ नाहीशी झाली होती. "वर्षभर चांगलं ऑइल घातलं, त्याचं हे फळ," आबा म्हणाले. आम्ही पडलो मराठीचे शिक्षक. आम्ही मनापासून त्यांचे अभिनंदन केले आणि वहिनींच्या हातचा चहा घेऊन परतलो.

वर्गाच्या बाबतीत आम्ही इतक्या सहज फसलो नसतो. चाळीस मुलांचा वर्ग एकाएकी शांत झाला, तर कोणताही जुना मास्तर पाठ थोपटून न घेता आधी दाराशी जाऊन पाहतो.

आबांची चूक त्यांच्या मिस्त्रींनी उघडकीस आणली. हे मिस्त्री आता सत्तरीला आलेले. त्यांचे सारे शिक्षण ॲम्बॅसडरच्या बॉनेटखाली झाले. आणि ॲम्बॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे नि या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचे कूळ एकच, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी प्रथम कळली. दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील. आपल्याकडचे १४८९ घन सेंटिमीटरचे, एम. जी. बी.चे १७९८ चे. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण तिच्यावर हात बसलेले असे मिस्त्री अजून गावोगावी आहेत. त्यांनी बॉनेटवर कान ठेवल्यासारखे केले आणि म्हणाले, "आवाज गेला म्हणून पेढे वाटू नका आबा. ह्या इंजिनाला थोडा आवाज पाहिजेच की."

हा आवाज कशाचा, हे आधी सांगितले पाहिजे. इंजिनाच्या माथ्यावर, म्हणजे हेडमध्ये, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर जातो. चार सिलिंडर, म्हणून व्हॉल्व्ह आठ. खाली फिरणारा कॅमशाफ्ट टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुश रॉडला ढकलतो, पुश रॉड रॉकरचे एक टोक उचलतो, आणि बागेतील सी-सॉप्रमाणे रॉकरचे दुसरे टोक खाली येऊन व्हॉल्व्ह उघडते. व्हॉल्व्ह मिटलेला असताना रॉकरचे टोक आणि व्हॉल्व्हच्या दांडीचे टोक यांच्यामध्ये थोडी फट राखावी लागते. कारण इंजिन तापले की धातू वाढतो आणि त्या वाढीला जागा हवी. एम. जी. बी.मध्ये ही फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच असावी, असे ठरलेले आहे. इंचाच्या हजाराव्या भागास कारखान्यांतील माणसे 'थाउ' म्हणतात. तेव्हा पंधरा थाउ. मिलिमीटरच्या भाषेत ०.३८. फीलर गेजची पोलादी पाती फटीत सरकवून ती मोजतात.

शिवणयंत्राची टकटक ती या फटीची. फट वाढली तर आवाज वाढतो, शक्ती किंचित घटते आणि शेजारी तक्रार करतात, इतकेच. फट घटत गेली तर आवाजही घटतो आणि मालकास बरे वाटू लागते. पण ती पुरती मिटली की व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, नीट टेकेनासा होतो. बाहेर जाणारा वायू अतिशय तप्त असतो. त्यात न्हाऊन निघणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर टेकलेल्या क्षणांतच हेडला देऊन मोकळा होतो. ते टेकणेच थांबले तर उष्णता जाणार कोठे? व्हॉल्व्हची कडा करपते, वायू गळू लागतो, आणि गळणारा वायू ती कडा आणखी जाळतो.

मिस्त्रींनी आबांकडे जुन्या पावत्या मागितल्या. पूर्वी गाडी दुसऱ्या एका गॅरेजात जात असे. चौदा महिन्यांत चार वेळा पावतीवर 'टॅपेट सेटिंग' लिहिलेले होते. चारही वेळा फट पंधरा थाउ करून दिली होती. त्यात चूक काही नव्हती. परंतु ती पंधरा करण्यापूर्वी किती होती, हे एकाही पावतीवर नव्हते. आम्हांस ही गोष्ट फार लागली. मुलाच्या वहीतील चुकलेले उत्तर खोडून बरोबर उत्तर लिहून दिले आणि मूळ काय लिहिले होते ते दिसेनासे केले, तर तो भागाकारात चुकतो की हातचा धरताना, हे पुढच्या शिक्षकाने कसे ओळखावे? दर वेळी वही बरोबर दिसते आणि मूल दर वेळी नापास होते.

सुदैवाने इंजिनाने स्वतःच एक नोंद ठेवली होती. रॉकरच्या पुश रॉडकडील टोकाला फट कमीजास्त करण्याचा एक स्क्रू असतो आणि वरून तो नटाने आवळलेला असतो. फट वाढवावयाची तर स्क्रू वर काढावा लागतो. मिस्त्रींनी रॉकरवरचे झाकण काढून आम्हांस आठही स्क्रू दाखवले. चार स्क्रूंचे आटे नटाच्या वर जेमतेम दिसत होते. उरलेल्या चारांचे स्पष्ट वर आले होते, आणि त्यांतही मधल्या दोघांचे सर्वांत जास्त. ते चार म्हणजे पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा. या इंजिनात हेच चार एक्झॉस्ट व्हॉल्व्ह होत. मधल्या चौथ्या-पाचव्याची बाहेर जाण्याची वाट सामाईक आहे, त्यामुळे तेथे ताप सर्वांत अधिक.

येथे आमचा प्रवेश झाला. मिस्त्रींचे हात तेलाचे, आबांना चष्म्याशिवाय दिसेना. तेव्हा आकडे लिहून घेण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही घरून एक कोरे हजेरीपत्रक नेले आणि मुलांच्या नावांच्या जागी एक ते आठ असे क्रमांक घातले. मोजण्याच्या पद्धतीत एक गंमत आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या व्हॉल्व्हची फट मोजावयाची तो पूर्ण मिटलेला असला पाहिजे. तो कधी मिटतो हे कसे ओळखावे? मिस्त्री म्हणाले, "नऊची बेरीज." आठवा पूर्ण उघडला की पहिला मोजा, सहावा उघडला की तिसरा, चौथा उघडला की पाचवा, दुसरा उघडला की सातवा. दोघांची बेरीज नेहमी नऊ. चौथीतल्या मुलालाही जमेल.

पहिल्या दिवशीची हजेरी अशी होती : आत घेणाऱ्या चार व्हॉल्व्हच्या फटी चौदा ते पंधरा थाउ. एक्झॉस्टच्या अनुक्रमे नऊ, पाच, चार आणि आठ.

आता निदान. मिस्त्रींची विचार करण्याची रीत आम्हांस आमच्या विद्यापीठातील काही प्राध्यापकांहून अधिक शिस्तीची वाटली. ते म्हणाले, आधी पाहावयाचे की फट वाढते की घटते. वाढत असेल तर झीज वरच्या साखळीत आहे, म्हणजे कॅम, टॅपेट किंवा रॉकर झिजत आहे. एकच फट वाढत असेल आणि दर वेळी वाढत असेल, तर कॅमचा तो उंचवटा गेला म्हणून समजावे. घटत असेल तर व्हॉल्व्ह वर येतो आहे. एक तर सीट झिजून तो हेडमध्ये रुतत आहे, किंवा तापाने त्याची मान ताणली जात आहे. दुसरे असे की आठही सारख्या घटल्या की काहीच? आठही सारख्या घटल्या तर हेडखालचे गॅस्केट दबले असावे. त्यात भिण्यासारखे नाही. येथे घटल्या होत्या त्या फक्त एक्झॉस्टच्या.

आम्ही शंका काढली की मापच चुकत असेल तर? मिस्त्रींना ती आवडली. त्यांनी एक रॉकर वळवून दाखवला. त्याच्या टोकाला, व्हॉल्व्हवर आपटून आपटून, खळगी पडली होती. फीलर गेजचे पाते सपाट. ते त्या खळगीवर पुलासारखे बसते आणि खालची पोकळी मोजतच नाही. म्हणजे पाते पंधरा सांगते तेव्हा खरी फट सतराही असू शकते. ही चूक जास्तीच्या बाजूची, घटीच्या नव्हे. म्हणून आपल्या निदानाला ती बाधत नाही, असे त्यांनी समजावले. तरी ते दोन रॉकर त्यांनी बदललेच.

मग आठही फटी पंधरा थाउ केल्या, सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले (चारही दीडशे पौंडांच्या आसपास आले) आणि आबांना सांगितले की दोन महिने गाडी फक्त गावात चालवा. टिळकवाडी, कॅम्प, शहापूर, फार तर वडगाव. तीनशे मैल झाल्यावर मोजले : एक्झॉस्टच्या फटी पंधरा, चौदा, चौदा, पंधरा. आबा खूश झाले. त्यानंतर मिस्त्रींनी त्यांना महामार्गावर पाठवले; दोनदा हुबळी, एकदा वंटमुरीचा घाट आणि तवंदीचा घाट चढून निपाणी. सुमारे तीनशे तीस मैल, जोराने. परत आल्यावर रात्रभर इंजिन थंड होऊ दिले आणि सकाळी मोजले : तेरा, दहा, नऊ, तेरा. कॉम्प्रेशन पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे तसेच. दुसऱ्याचे १३८, तिसऱ्याचे ११८. तिसऱ्यात चमचाभर ऑइल ओतून पुन्हा पाहिले. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने आकडा वर गेला असता. तो हलला नाही. गळती व्हॉल्व्हमधूनच होती.

गावात नाही आणि महामार्गावर होते, याचा उलगडा पेट्रोलात आहे. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील डेटन येथे, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, टॉमस मिजली यांच्या चमूला असे आढळले की पेट्रोलात शिशाचे एक संयुग घातले की इंजिन ठोके मारीत नाही. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. त्या शिशाने आणखी एक काम न सांगता केले. जळल्यावर त्याची संयुगे सीटवर पातळ थरासारखी बसत आणि तप्त व्हॉल्व्ह नि सीट यांचा धातू एकमेकांस थेट भिडू देत नसत. तो थर नसला तर काय होते? जोरात चालणाऱ्या इंजिनात तापलेला व्हॉल्व्ह सीटच्या लोखंडास कणाकणाने चिकटतो आणि उघडताना ते कण उपटून नेतो. मिनिटास हजारो वेळा. सीट खरवडली जाते आणि व्हॉल्व्ह रुतत जातो. एम. जी. बी.च्या या हेडमध्ये सीट म्हणून वेगळी कठीण रिंग नाही. बीडाच्या हेडमध्येच ती कातलेली आहे. शिसे मिळत होते तोवर ते पुरेसे होते.

आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल १९९५ साली चार महानगरांत आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र तेच मिळू लागले. आबांच्या बंधूंनी गाडी शेडमध्ये लावली १९९८ साली. म्हणजे तिचे सारे पूर्वायुष्य शिशावर गेले. जुन्या थराने, आणि गावातल्या मंद चालीने, तिला पहिली दोन वर्षे सांभाळले. मग आबांना महामार्गाची गोडी लागली.

हे ऐकून आबा म्हणाले, "म्हणजे सरकारने आपल्या गाडीचा घात केला म्हणायचा." येथे आमच्यातील मुख्याध्यापक गप्प बसेना. शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. त्यांची शिकण्याची शक्ती, लक्ष आणि स्वभाव यांवर करते, आणि तेही अगदी थोड्या प्रमाणात. जगात मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तेथेही २०२१ साली ते बंद झाले. आमची स्वतःची पहिली काही वर्षांची नोकरी एका रहदारीच्या रस्त्यालगतच्या शाळेत गेली. त्या वर्गांतील 'मठ्ठ' म्हणून आम्ही बाकावर उभ्या केलेल्या मुलांपैकी कोणाच्या रक्तात किती शिसे होते, हे कोणी मोजले नव्हते. आबांच्या चार सीटा त्या मानाने स्वस्त पडल्या, असे आम्ही थोडे तीव्रपणेच बोललो. आबा काही बोलले नाहीत. असो.

प्रश्न आता वेगळाच उभा राहिला होता. आबांच्या थोरल्या वहिनी ऐंशी वर्षांच्या आहेत. पतीच्या वर्षश्राद्धानंतर त्याच गाडीतून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनास जावयाचे, असे त्यांनी मनाशी धरले होते आणि दिवस ठरला होता. आबांनी तोड काढली : चारही एक्झॉस्टच्या फटी वीस थाउ ठेवा; जाऊन-येऊन दोनशे वीस किलोमीटर, तेवढ्याने काही मिटत नाहीत. हिशेब चुकीचा नव्हता. मिस्त्रींनीही तो नाकारला नाही. ते इतकेच म्हणाले, "फट मिटणार नाही, खरं आहे. पण तीन नंबरचं कॉम्प्रेशन गेलंय, म्हणजे कडा जळायला लागलीय. ती घाटात सुटणार की घरी येऊन सुटणार, हे मला सांगता येत नाही. तुम्ही एकटे असता तर जा म्हटलं असतं." पेट्रोलात घालावयाची औषधेही मिळतात, ती रुतणे मंद करतात, पण गेलेली सीट परत आणत नाहीत.

आबा दुसरी गाडी भाड्याने ठरवू म्हणाले. ती सूचना वहिनींनी ऐकली आणि म्हणाल्या, "हीच गाडी बरी होऊ दे भावोजी. तोवर अंबाबाई काही कोल्हापूर सोडून जात नाही."

हेड उतरवले. पाचव्या व्हॉल्व्हची कडा एका जागी तांदळाच्या दाण्याएवढी करपून खाल्ली गेली होती. चौथा आणि पाचवा हेडमध्ये इतके खोल बसले होते की बोट फिरवले तर काठ लागत होता. मिस्त्रींनी नवा व्हॉल्व्ह आणि जुना व्हॉल्व्ह शेजारी उभे करून लांबी मोजली, सारखीच भरली. म्हणजे मान ताणली गेलेली नव्हती, सीटच गेली होती. हेड उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये गेले. ओतकामाच्या आणि कातकामाच्या या वसाहतीचा बेळगावकरांनी अभिमान बाळगावा असे तेथले काम आहे. चारही एक्झॉस्टच्या जागा कातून मोठ्या केल्या आणि त्यांत कठीण मिश्रधातूच्या सीट रिंगा दाबून बसवल्या. रिंग भोकाहून किंचित मोठी असते, तेव्हाच ती तापल्यावर निसटत नाही. ही किंचितता किती असावी यावर तेथील कारागीर आणि आमचे मिस्त्री यांच्यात अर्धा तास कन्नडमिश्रित वाद झाला. चार नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आले. आताच्या पेट्रोलात इथेनॉल अधिक असल्याने मिश्रणात हवा जास्त पडते, म्हणून मिस्त्रींनी दोन्ही कार्ब्युरेटर थोडे पेट्रोलच्या बाजूला लावले.

तीनशे मैलांनी पुन्हा झाकण उघडले. हेडचे नट पुन्हा आवळून मोजले तो आठही फटी एकेक थाउने घटलेल्या. आबांचा चेहरा उतरला. आम्ही हजेरीपत्रक त्यांच्यापुढे धरले : आठही, सारख्या. गॅस्केट दबले होते. मिस्त्री काही न बोलता हसले आणि आठही पुन्हा पंधरावर आणल्या.

आश्विनात आबा आणि वहिनी कोल्हापूरला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वही घेऊन गेलो. आठांपैकी सात पंधरा. तिसरा सोळा निघाला, तो पुन्हा मोजला तेव्हा पंधराच भरला. पाते तिरपे गेले होते. मिस्त्रींनी इंजिन चालू केले, आणि ती शिवणयंत्राची टकटक अंगणभर पसरली. आबा जरा संकोचून वहिनींना म्हणाले, आवाज थोडा येतो, पण तो यायचाच असतो.

"मला काय सांगता?" वहिनी ओसरीवरून म्हणाल्या. "तिकडे सकाळी हे ऑफिसला निघाले की असाच यायचा."